रिकाम्या हौद्याचे टायर

प्रश्न : माझं डबल कॅबचं पिकअप आहे. कारखान्यातून आलेले टायर २६५/६५ आर १७, ११२ एस, जरा खडबडीत नक्षीचे. ते आता संपत आलेत. गाडी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर असते, हौदा रिकामा. अधूनमधून मात्र गच्च भरून माल नेतो. मागच्या ॲक्सलवर कमाल १८५० किलो, असं दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलंय. मला वळणावर रस्ता धरणारे, पावसात पटकन थांबवणारे परफॉर्मन्स टायर हवेत. मित्र म्हणतो, २० इंची रिम घे, त्यावर २६५/५० स्पोर्ट टायर टाक, कारसारखी चालेल. घेऊ का?

उत्तर : टायर जरूर बदला, रिम राहू द्या. माझं उत्तर एवढंच. पुढे लिहिते ते फक्त कारण सांगायला, कारण तुमच्या मित्राचा सल्ला बरोबर आहे, पण दुसऱ्या गाडीसाठी.

एका नंबरपाटीमागे पिकअपची दोन वाहनं असतात, एक भरलेलं आणि एक रिकामं. कारमध्ये मागे तीन माणसं बसली तर मागच्या चाकांवरचा भार थोडाफार वाढतो. पिकअपमध्ये तो दुपटीच्या वर जातो. तुमच्या गाडीत हौदा रिकामा असताना मागच्या एका चाकावर साधारण ४०० किलो येत असतील, पूर्ण भरल्यावर ९०० किंवा थोडे जास्त. टायर जमिनीला किती टेकतो याचा ढोबळ हिशेब सोपा आहे : चाकावरचं वजन भागिले आतल्या हवेचा दाब. ३६ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो. ४०० किलोला झाले १६० चौरस सेंटीमीटर. टेकणारा पट्टा २० सेंटीमीटर रुंद धरला, तर त्याची लांबी आठ सेंटीमीटर. तोच टायर, तीच हवा आणि ९०० किलो, की लांबी अठरा. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, भाराप्रमाणे रुंदीही जराशी बदलते, त्यामुळे हे आकडे तंतोतंत नाहीत. पण दोन्हींतला फरक एवढाच मोठा असतो.

कोरड्या रस्त्यावर आठ सेंटीमीटर चालून जातात. पावसात नाही. पट्ट्याचा पुढचा भाग पाणी बाजूला सारण्यात आणि खाचांत ढकलण्यात खर्ची पडतो, रबर खऱ्या अर्थाने डांबराला भिडतं ते मागच्या भागात. पट्टा आखूड आणि रुंद असला की मागच्या भागाला काही उरत नाही आणि टायर पाण्यावर चढतो. रिकामा ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा कमी वेगाला पाण्यावर तरंगू लागतो तो यामुळेच, हलका असून सांभाळायला सोपा असेल असं वाटत असलं तरी. आता मोठ्या रिमच्या पुढची पायरी काय असते ते तुम्हाला माहीत आहे : टायरची मिलिमीटरमधली रुंदी २६५ ची २८५ होते, मग २९५. वजन तेच, हवा तीच, म्हणजे क्षेत्रफळही तेवढंच. रुंदी वाढली ती लांबीतून गेली. कोरड्या वळणावर गाडी छान बसेल. पहिल्या जोरदार सरीला शेपूट हलवेल.

दुसरं कारण गाडीखाली आहे. अलाइनमेंटच्या खड्ड्यात उभी राहून मी आयुष्यभर गाड्या खालूनच बघत आले, त्यामुळे पिकअप म्हटलं की मला आधी मागचे पाटे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, दिसतात. ते पूर्ण भार पेलण्यासाठी बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते जवळजवळ वाकतच नाहीत, आणि अख्खा ॲक्सल छोट्या उंचवट्यावरही उडी मारतो. चाक हवेत असेल तेवढा वेळ त्याखाली जगातलं सर्वांत चिकट रबर असलं तरी उपयोग शून्य. अशा वेळी टायरची उंच, थोडी लवचीक भिंत हीच तुमची खरी स्प्रिंग. तुमच्या सध्याच्या टायरची भिंत १७२ मिलिमीटर आहे (२६५ चे ६५ टक्के). मित्राने सुचवलेल्या टायरची १३२. म्हणजे ज्या चाळीस मिलिमीटरवर रिकाम्या गाडीची मागची चाकं जमिनीवर टिकून राहतात, नेमके तेच काढून टाकायला तो सांगतोय. त्यात मोठी रिम बहुतेक वेळा जड असते. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की उडीही वाढते.

कमी उंचीच्या भिंतीचा फायदा खरा आहे, तो नाकारत नाही. स्टिअरिंग वळवल्याबरोबर गाडी वळते, आळस जाणवत नाही. पण तुमच्या गाडीतला आळस निम्मा खडबडीत नक्षीच्या उंच, डुलणाऱ्या रबराच्या ठोकळ्यांमुळे आहे. तो नक्षी बदलून जाईल, त्यासाठी भिंत कापायला नको.

आता भाराचा हिशेब, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. टायरवरचा ११२ हा भार निर्देशांक आहे, म्हणजे एका टायरला ११२० किलो. २६५/५० आर २० हा आकार बऱ्याचदा १०७ निर्देशांकात मिळतो, ९७५ किलो. दोन टायरचे १९५०. तुमच्या ॲक्सलची मर्यादा १८५०, म्हणजे वरवर पाहता बसतो, आणि दुकानदार तुम्हाला एवढंच सांगेल. पण अमेरिकी मानकांत एक नियम आहे : प्रवासी गाडीच्या वर्गातला टायर हलक्या ट्रकवर बसवला तर त्याची भारक्षमता १.१० ने भागून धरायची. ट्रकचा गुरुत्वमध्य उंच असतो, वळणावर बाहेरच्या चाकावर जास्त लोड येतो, आणि माणसं ट्रकमध्ये ठरल्यापेक्षा जास्त भरतात, तिन्ही गोष्टी त्या दशांशात आल्या. तुम्ही कुठल्याही देशात असा, हा भागाकार करून बघा. ९७५ चे होतात ८८६, दोन टायरचे १७७२. ॲक्सलच्या मर्यादेला ७८ किलो कमी. जास्त हवा पेलणाऱ्या एक्सएल बांधणीत याच आकाराला १११ मिळतो, १०९० किलो, तो भागाकारानंतरही पुरतो. तरी स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात त्या आकारासाठी जो निर्देशांक दिलाय त्याच्या खाली मी कोणालाच जाऊ देत नाही. भारापायी टायर फुटतो तेव्हा तो उभ्या गाडीत फुटत नाही. गरम झालेला, भरलेला, उतारावर वेगात असताना फुटतो.

कारखान्यांनीही ही तडजोड उघडपणे केलेली आहे. जीएमसीने १९९१ मध्ये सायक्लोन नावाचं पिकअप काढलं. टर्बो लावलेलं ४.३ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, चारही चाकांना ताकद, २८० हॉर्सपॉवर, आणि टायर २४५/५० आर १६. एका अमेरिकी मासिकाने त्याला फेरारी ३४८ शेजारी उभं केलं आणि पाव मैलात सायक्लोन पुढे निघालं. त्याच गाडीची भार नेण्याची मर्यादा होती ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो. तीन माणसं आणि एक पेटी. डॉजच्या रॅम एसआरटी-१० पिकअपला व्हायपर या स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटरचं व्ही-टेन इंजिन होतं आणि ३०५/४० आर २२ चे पिरेली स्कॉर्पियन टायर. फोर्डच्या १९९९ ते २००४ च्या लाइटनिंग पिकअपला २९५/४५ आर १८ चे गुडइयर. या गाड्या मला मनापासून आवडतात. पण त्या बनवणाऱ्यांनी टायरबरोबर स्प्रिंग, ब्रेक, उंची सगळं बदललं आणि भाराचा आकडा स्वतः ठरवून छापला. तुमच्या गाडीवर २० इंची रिम चढवताना स्टिकर तोच राहतो आणि हौदाही तेवढाच मोठा दिसतो. तो पाहून भरणारा हात थांबत नाही.

मग घ्यायचं काय? २६५/६५ आर १७, ११२, वेगचिन्ह एच, रस्त्यासाठी बनवलेला एसयूव्ही किंवा एच/टी (हायवे टेरेन) प्रकारचा टायर. एस म्हणजे १८० किलोमीटर वेगापर्यंत, एच म्हणजे २१०. तुम्ही २१० ने जाणार नाही, जाऊही नका. पण एच मिळवण्यासाठी टायरला उष्णता जास्त सोसावी लागते, त्यासाठी टायरच्या आतल्या पट्ट्यांची बांधणी घट्ट असते, आणि तो घट्टपणा ८०च्या वेगाला वळणावरही हाताला कळतो. नक्षीत मध्ये सलग धावणारी रांग आणि चार सरळ, रुंद खाचा बघा. पाणी त्यातून जातं. खांद्याकडचे ठोकळे मोठे आणि एकमेकांना जोडलेले हवेत. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी छापलेली असते, ए पासून ई पर्यंत. तुमच्याकडे तो टायर मिळत असेल तर त्याच मॉडेलची, त्याच आकाराची श्रेणी शोधा. ए किंवा बी असेल तर बाकी जाहिरात वाचायची गरज नाही. सी असेल तर टायर टिकाऊ असेल, शांत असेल, तुम्ही मागितलेला नसेल.

हे चार टायर, नीट अलाइनमेंट आणि भाराप्रमाणे बदललेली हवा, एवढ्याने तुमचं पिकअप आजच्यापेक्षा आधी थांबेल. कारसारखं चालणार नाही. पाटे आहेत तोवर कुठलंच पिकअप तसं चालत नाही.

प्रश्न : रिकाम्या गाडीला मागे धक्के फार बसतात म्हणून मी मागच्या टायरची हवा ३६ वरून २५ पीएसआयवर आणलीय. गाडी मऊ झाली आणि टेकणारा भाग वाढून पकडही वाढली असेल ना?

उत्तर : मातीवर वाढली असेल. पाण्यात घटली. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र काढलं : साचलेल्या पाण्यावर टायर पूर्ण तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पीएसआयच्या वर्गमुळाला १६.७ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. ३६ ला १००. २५ ला ८३. रस्त्यावरच्या गाडीच्या टायरला खाचा असतात, त्यांची झीज, पाण्याची खोली यांनी आकडा इकडेतिकडे होतो, पण दिशा तीच : हवा कमी तर तरंगणं लवकर. शिवाय २५ वर टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, गरम होते, आणि वळणावर रिमवर लोळते.

दाराच्या स्टिकरवर बऱ्याच पिकअपना मागच्या चाकांसाठी दोन आकडे असतात, कमी भाराचा आणि पूर्ण भाराचा. रिकामी असताना पहिला वापरा, त्याखाली नको. दुसरा विसरू नका, माल भरायच्या आधी हवा भरा. आणि सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजा. चालून आलेल्या टायरमध्ये आकडा चढलेला असतो आणि तो पाहून लोक हवा काढतात. काढू नका.

प्रश्न : मागचे दोन टायर झिजले, पुढचे निम्मे शिल्लक आहेत. गाडी फोर बाय फोर. दोनच बदलले तर चालेल? आणि नवे पुढे टाकायचे ना, स्टिअरिंग पुढे असतं म्हणून?

उत्तर : नवे मागे. नेहमी मागे, रिकाम्या पिकअपला तर नक्कीच. पुढचं चाक पाण्यात सुटलं तर गाडी सरळ जाऊ लागते, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की बहुतेकांची परत पकडीत येते. मागचं सुटलं की गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी आवरायला चालकाला वेळच मिळत नाही.

फोर बाय फोरचं वेगळं. नव्या टायरला आठ मिलिमीटर नक्षी आणि जुन्याला चार असेल तर व्यासात आठ मिलिमीटरचा फरक, घेरात पंचवीस. तुमच्या आकाराच्या टायरचा घेर अडीच मीटरच्या आसपास असतो, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे एक टक्का तफावत. तुमचं फोर बाय फोर हाताने लावायचं असेल आणि तुम्ही ते फक्त चिखलात लावत असाल तर दोन टायर चालतील, चाकं घसरून हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर लावलंत तर तो एक टक्का गिअरबॉक्सच्या मागच्या दातांवर साचत जातो. आणि गाडी कायम चारही चाकांवर चालणारी असेल तर पुस्तकात दिलेली तफावतीची मर्यादा बघा. बऱ्याच उत्पादकांची ती दोन-तीन मिलिमीटरचीच असते, मग चारच घ्यावे लागतात. मॉडेल मात्र एका ॲक्सलवर दोन वेगळी कधीच नकोत.

प्रश्न : टायरवर ट्रेडवेअर ६०० आणि ट्रॅक्शन एए लिहिलंय. म्हणजे टिकाऊही आणि पकडही सर्वोत्तम?

उत्तर : ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावून काढतात. वळण त्यात नाही, खोल पाणीही नाही. एए चांगलंच आहे, पण तुम्हाला वळणावरची पकड हवी असेल तर ते अक्षर त्याबद्दल गप्प आहे. ट्रेडवेअर हा नक्षी किती टिकते याचा तुलनेचा आकडा आहे, १०० आकड्याच्या संदर्भ टायरशी केलेली तुलना, आणि तो उत्पादक स्वतः देतो. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो उपयोगी पडतो, दोन कंपन्यांत फारसा नाही. माझा अनुभव असा की ६०० छापलेला टायर क्वचितच जोमाने वळतो. ३०० ते ५०० च्या मधला बघा. आणि खोल नक्षीच्या लाइट ट्रक टायरवर हे शिक्के दिसले नाहीत तर नकली समजू नका, त्यांना ही पद्धत लागूच नाही.

प्रश्न : सगळ्यात मजबूत म्हणून दहा प्लायचे एलटी (लाइट ट्रक) टायर घेतो आहे, लोड रेंज ई. परफॉर्मन्ससाठी मजबूत टायरच चांगला ना?

उत्तर : रोज दगड आणि जड ट्रेलर असेल तर घ्या. नसेल तर तुम्ही जडपणा विकत घेताय. लोड रेंज ई चा टायर ८० पीएसआयपर्यंत हवा घेऊन पूर्ण भार पेलायला बनवलेला असतो. त्याच्या भिंती जाड, वजन जास्त, रिकाम्या गाडीखाली तो दबतच नाही, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला त्याच आकाराच्या साध्या टायरच्या मागे राहतो. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही : एलटी टायरमध्ये स्टिकरवरची ३६ पीएसआय भरली तर तो त्याच आकाराच्या साध्या टायरपेक्षा कमी भार पेलतो. त्याला जास्त हवा लागते, किती ते टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात बघावं लागतं. तक्ता न बघता बसवलेला मजबूत टायर कमी हवेवर चालतो आणि आतून भाजतो.

प्रश्न : मला शहरात पिकअप रुबाबदार दिसायला हवं आणि महामार्गावर पळायलाही. चिखलाचे एम/टी टायर कसे?

उत्तर : खिळ्यांचे बूट घालून गुळगुळीत फरशीवर धावून बघा. नको.

रुबाबच हवा असेल तर ए/टी (ऑल टेरेन, रस्ता आणि माती दोन्हींसाठीचा) मधला सौम्य नक्षीचा, भिंतीवर ठळक अक्षरं असलेला टायर घ्या. तो पळणार नाही, पण थांबेल.

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात सकाळी पारा शून्याजवळ जातो. उन्हाळी स्पोर्ट टायर पिकअपला चालतील?

उत्तर : सात अंशांच्या खाली उन्हाळी रबर कडक होत जातं आणि पकड झपाट्याने सुटते. शून्याच्या खाली काही अतिस्पोर्ट टायरची नक्षी गाडी हलवताना तडकू शकते, तसा इशारा उत्पादकच देतात. कारला निदान पुढे इंजिनचं वजन आणि चालणारी चाकं एकाच ठिकाणी असतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या रिकाम्या पिकअपला थंड, कडक रबर म्हणजे चढावर उभ्या जागी फिरणारी चाकं. बारमाही टायर घ्या, आणि त्यावर तीन शिखरं व हिमकण असं चिन्ह आहे का बघा. बर्फावर ठरलेली चाचणी पार केल्याशिवाय ते मिळत नाही. एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) ही अक्षरं पुरेशी नाहीत, ती नुसत्या नक्षीवरूनही छापतात. हौद्यात वाळूची पोती टाकणार असाल तर ॲक्सलच्या वर, घट्ट बांधून, शेवटच्या फळीला टेकवून नव्हे.

प्रश्न : सवलतीत मिळालेला "नवा" टायर जुना साठा आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिचे शेवटचे चार अंक : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. चार अंक दिसले नाहीत तर टायरची दुसरी बाजू बघा, पूर्ण ओळ एकाच बाजूला असते आणि बसवणारे ती बरोबर आत टाकतात. स्टेपनीचेही बघा. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली लटकलेली असते, धूळ-पाणी खात, आणि चार नवे टायर घेणारा माणूस पाचव्याकडे वाकून बघत नाही. आकार बदलला असेल तर ती आता वेगळ्या व्यासाची आहे, हेही तेव्हाच लक्षात घ्या.

प्रश्न : नवे टायर बसवून दोन दिवस झाले, गाडी ओल्या रस्त्यावर जुन्यापेक्षा जास्त घसरते. फसवलं का मला?

उत्तर : बहुधा नाही. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ थर पृष्ठभागावर राहिलेला असतो, आणि पूर्ण उंचीची नवी नक्षी थोडी डुलते. पहिले काही शे किलोमीटर सावकाश चालवा, जोराचे ब्रेक आणि वळणं टाळा. त्यानंतरही घसरत असेल तर दिशादर्शक नक्षीचा टायर उलटा बसलाय का ते भिंतीवरच्या बाणावरून तपासा. आणि चाकांचे नट शंभरेक किलोमीटर झाल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या, विशेषतः अलॉय रिम असेल तर. दुकानदाराने सांगितलं नसलं तरी.